रविवारची एकच शंका

"दूध तोडून सहा महिने झाले ना गं? मग ही गाठ दुधाची कशी असेल? दाखवून ये."

नसीमकाकू हे बोलल्या ते लिफ्टमध्ये, चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे कुठेतरी. झालं होतं एवढंच, की कडेवरच्या मुक्ताईने हातातली प्लास्टिकची म्हैस आईच्या छातीवर दाणकन आपटली आणि रुपाली कळवळली. काकूंनी भुवया उंचावल्या, तशी ती हसून म्हणाली, "काही नाही हो, दुधाची जुनी गाठ आहे. एरवी दुखत नाही. नेमकी तिथेच म्हैस बसली."

त्यावर काकूंनी वरचं वाक्य टाकलं. रुपाली "हो काकू, जाईन एकदा" म्हणाली आणि खाली दार उघडेपर्यंत विसरलीसुद्धा. कारण तेवढ्यात मुक्ताई दोनदा शिंकली होती.

आता रुपाली काही निष्काळजी बाई नव्हे. उलट, अख्ख्या वारज्यात तिच्याइतकी काळजी करणारी आई शोधून सापडली नसती. तिने मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं होतं आणि मुक्ताई व्हायच्या आधी ती एका कंपनीत लोणच्यांचे आणि दूध पावडरचे नमुने तपासायची. म्हणजे शंका घेण्याचाच तिला पगार मिळायचा. मूल झाल्यावर नोकरी सुटली, पण सवय कशी सुटणार? लोणच्याच्या जागी लेक आली, एवढाच फरक. मुक्ताई जास्त झोपली तर का झोपली, कमी झोपली तर का नाही झोपली. बाजूच्या मुलाला सात दात आणि हिला पाचच का. शेवटी बालरोगतज्ज्ञांनीच एकदा चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "ताई, या आठवड्यात आपण तिसऱ्यांदा भेटतोय. मुलगी ठणठणीत आहे. मला भेटायचंच असेल तर तिला घरी ठेवून या, चहा पिऊ."

त्या दिवशी घरी आल्यावर आनंदने नियम केला. आनंद म्हणजे रुपालीचा नवरा. हिंजवडीला कॉम्प्युटरवर बसून इतरांच्या चुका शोधतो, त्यामुळे नियम करायची त्याला हौस. नियम असा, की रुपालीने आठवडाभराच्या शंका मनात साठवायच्या आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला त्यातली एक, फक्त एकच, मांडायची. निकाल आईंनी द्यायचा. मंजूर म्हणजे डॉक्टर, नामंजूर म्हणजे गप्प पोहे खायचे.

आई म्हणजे द्वारकाबाई, आनंदच्या आई, मूळच्या वऱ्हाडातल्या, दर्यापूरकडच्या. नातीसाठी म्हणून पुण्याला आल्या त्या राहिल्याच. येताना भाषा आणि तर्री दोन्ही घेऊन आल्या. त्यांच्या हातचे पोहे कोरडे कधी नसायचेच. त्यावर लालभडक तर्रीचा रस्सा ओतूनच ताटली पुढे यायची. न्यायाधीशाचं काम त्यांनी लगेच अंगावर घेतलं. पदर खोचून खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, सांग वं. काय आणली आज?"

लिफ्टमधल्या त्या दिवसानंतरच्या रविवारी रुपालीकडे दोन शंका होत्या. आदल्या दिवशी आंघोळ करताना तिचा हात त्या गाठीवर गेला होता आणि काकूंचं बोलणं आठवलं होतं. गाठ होती वाटाण्याएवढी, कडक, जागची न हलणारी. पण दुसरी शंका मुक्ताईची होती, आणि एका रविवारी एकच.

"मुक्ताई कालपासून तिरकी चालतेय," रुपाली म्हणाली. "डावा पाय टाकताना बघा. कमरेचं हाड तर नसेल?"

द्वारकाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, डावा बूट काढला आणि उलटा केला. त्यातून एक हरभरा टपकन ताटलीत पडला.

"हे घे, कमरेचं हाड," त्या म्हणाल्या. "नामंजूर."

पुढच्या रविवारी मुक्ताईने हिरवा खडू खाल्ला होता. तेव्हा तर स्वतःचं काही मांडायचा प्रश्नच नव्हता.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लेकीच्या प्रत्येक शिंकेवर मोबाइलमध्ये तासभर वाचत बसणाऱ्या रुपालीने त्या गाठीबद्दल एक शब्दही वाचला नव्हता. बोट शोधायच्या जागेवर जायचं आणि परत यायचं. किरकोळ भीतीशी ती दिवसभर खेळत बसायची. या एकीला मात्र तिला हात लावायचा नव्हता.

तरी तिसऱ्या रविवारी तिने धीर केला. ताटलीतली शेव चमच्याने इकडची तिकडे करत म्हणाली, "आज माझी स्वतःची आहे."

आनंदने मान वर केली. "तुझी? अरे वा! हे नवीनच."

"छातीत एक गाठ आहे. डाव्या बाजूला. दूध बंद झालं तरी गेली नाही."

द्वारकाबाईंनी क्षणभर विचार केला आणि हात झटकला. "दुधाचीच असन, दुसरं काय! आनंदच्या वक्ताले मले पण झाली होती, एवढाली. कोबीचं पान ठेव, जाईन निघून. एवढ्यासाठी डॉक्टरले कायले पैसे द्याचे? नामंजूर."

आणि खरं सांगायचं तर रुपालीला सुटल्यासारखं वाटलं. तिच्याहून वडील बाईने निकाल दिला होता. तिने पोहे पुन्हा घेतले आणि दुपारी एक सबंध कोबी आणला.

बुधवारी सोसायटीच्या दारात भाजीच्या गाडीपाशी नसीमकाकू भेटल्या. मेथीची जुडी उलटीसुलटी करत, तिच्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "जाऊन आलीस?"

"घरी विषय मांडला होता काकू. नामंजूर झाला."

"काय झाला?"

रुपालीने रविवारचा सगळा प्रकार सांगितला. सांगताना तिला हसू येत होतं. काकूंना येत नव्हतं. त्यांनी मेथीची जुडी परत गाडीवर ठेवली. "म्हणजे कॅन्सर आहे की नाही हे तुमच्याकडे पोह्यांवर ठरतं. छान. तुमच्या त्या कोर्टात अपिलाची सोय आहे का?"

"माहीत नाही. कुणी केलं नाही अजून."

"मी करते. रविवारी किती वाजता बसतं?"

रविवारी काकू बरोबर नाश्त्याच्या वेळेला हजर. त्या वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांचे यजमान शकीलभाई यांचं बुधवार पेठेत रेडिओ आणि स्पीकरचं जुनं दुकान होतं; काकू स्वतः शनिवार पेठेत वाढलेल्या आणि मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मापात बोलायचं आणि समोरच्याचं मोजून काढायचं, ही सवय त्यांना दोन्हीकडून लागली असावी.

द्वारकाबाईंनी त्यांच्या पुढ्यात ताटली ठेवली. काकूंनी खाली वाकून पाहिलं. "पोह्यांना पूर आलाय का?"

"खाऊन तं पाहा बाई, मंग बोला."

काकूंनी खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं. त्यांनी मुकाट्याने ताटली पुन्हा पुढे केली. द्वारकाबाई खूश झाल्या. ते पाहून काकूंनी विषय काढला.

"द्वारकाबाई, सुनेची गाठ आपण हाताने पाहिलीत?"

"नाही बा. तिनं सांगतली."

"मग निकाल कशावर दिलात?"

"अनुभवावर! दोन लेकरं वाढवली म्या."

"मग माझाही अनुभव ऐका. मला गाठ लागली ती रमजानमध्ये. म्हटलं, ईद होऊ दे. ईद झाली, तर पुतणीचं लग्न. लग्न झालं, तर दहावीचे पेपर तपासायचे. वर्ष गेलं. मी थांबले होते हो, गाठ नव्हती थांबली." काकू भाव ठरवल्यासारख्या शांत आवाजात बोलत होत्या. "एक अख्खी बाजू काढली, काखेतल्या गाठींसकट. अकरा वर्षं झाली. मी वाचले, तर्री खातेय, सगळं ठीक आहे. पण या हाताने अजून पाण्याची बादली उचलायची नाही. शकील उचलतात. उचलतात आणि रोज बोलून दाखवतात, तेही ऐकावं लागतं."

कुणी हसलं नाही. म्हणजे आनंद हसणार होता, पण आईचा चेहरा पाहून थांबला.

"वेळेवर गेले असते तर छोट्या कात्रीचं काम होतं," काकू म्हणाल्या. "हिची गाठ दुधाचीच निघाली तर मी तुम्हा सगळ्यांना बिर्याणी घालीन. पण निघाली पाहिजे. मानून चालणार नाही."

द्वारकाबाईंनी हातातली पळी पातेल्यात ठेवली. "अपील मंजूर," त्या म्हणाल्या. "आनंद, गाडी काढ."

"आई, आज रविवार आहे. डॉक्टर नसतील."

"मंग उद्या काढ. पण आत्ता नंबर लाव. माह्यासमोर लाव."

दुसऱ्या दिवशी मुक्ताईला काकूंकडे सोडून तिघं कर्वे रोडवरच्या एका हॉस्पिटलात गेली. डॉक्टर शेफाली रुपालीहून फार मोठ्या नसाव्यात. रुपालीने बसल्या बसल्याच माफी मागायला सुरुवात केली. "मी उगाचच आले असेन डॉक्टर. मी जरा शंकेखोरच आहे, घरातलेही सगळे म्हणतात."

"शंका घेऊनच यायचं असतं," डॉक्टर हात धुता धुता म्हणाल्या. "खात्री करायला आम्ही बसलोय ना. घरून खात्री करून कुणी येऊच नये."

त्यांनी हाताने तपासलं, सोनोग्राफी केली. पडद्याकडे पाहताना त्यांच्या गप्पा कमी झाल्या, ते रुपालीच्या नजरेतून सुटलं नाही. मग सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते. त्या दिवसांत घरात सगळ्यात शांत कोण असेल तर रुपाली. आनंद इंटरनेटवर वाचून वाचून पांढरा पडला. द्वारकाबाईंनी भीतीपायी इतका स्वयंपाक केला, की वॉचमन आणि त्याचे दोन पाहुणे सलग आठवडाभर वडाभात जेवले.

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता.

डॉक्टर बोलत होत्या आणि रुपालीला त्यांचे ओठ हलताना दिसत होते. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मुक्ताई दीड वर्षाची आहे. दीड वर्षाच्या मुलाला पुढे काही आठवत नाही. आवाज नाही, वास नाही, काही नाही. भिंतीवर एक फोटो असेल आणि कुणीतरी बोट दाखवून सांगेल, ही तुझी आई.

"रुपाली, ऐकताय ना?" डॉक्टर टेबलावरून पुढे वाकल्या. "गाठ लहान आहे. काखेत पसरल्याची खूण दिसत नाही. तेवढीच गाठ आणि आजूबाजूचं थोडं काढायचं, पूर्ण स्तन काढायची गरज नाही. मग औषधं, मग रेडिएशन. त्रास होईल, खोटं सांगत नाही. पण तुम्ही लवकर आलात. या टप्प्यावर आलेल्या बायका बऱ्या होऊन मला दिवाळीला फराळ पाठवतात. मुलगी किती वर्षांची?"

"दीड."

"मग तिच्या शाळेच्या प्रवेशाच्या रांगेत तुम्हालाच उभं राहायचंय, अशा हिशोबाने चालू या."

बाहेर आल्यावर द्वारकाबाई बाकावर बसल्या. "म्या नामंजूर म्हटलं वं," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या. "कोबीचं पान सांगतलं. माह्या न्यायाधीशपणाले आग लागो."

रुपाली त्यांच्याशेजारी बसली. रडायचं तिला होतं, पण ते काम सासूबाईंनी आधीच हाती घेतलं होतं. "आई, तुम्ही नामंजूर म्हणालात तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मी भांडायला हवं होतं. हरभऱ्यासाठी भांडते, तर यासाठी नको?"

"मंग आता भांड," द्वारकाबाई नाक ओढत म्हणाल्या. "रोज भांड. ऐकतो आम्ही."

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर रुपालीने पहिला प्रश्न विचारला, तो मुक्ताईने दूध प्यायलं का. आनंद म्हणाला, "झालं. आली ही जागेवर."

मग केमोथेरपी सुरू झाली. ते दिवस सोपे नव्हते. तोंडाची चव गेली, अंगातलं त्राण गेलं, कधीकधी नुसतं भिंतीकडे बघत पडावंसं वाटायचं. द्वारकाबाईंना डॉक्टरांनी रुपालीचं तिखट बंद करायला सांगितलं होतं. त्या मुगाची पांढरीफेक खिचडी शिजवायच्या आणि पातेल्याकडे असं बघायच्या, की जणू त्यात त्यांच्या माहेरचा अपमान शिजतोय.

केस जायला लागले तशी रुपालीने आनंदकडून डोकं पूर्ण भादरून घेतलं. आरशात पाहून तिला रडू फुटणार, एवढ्यात मुक्ताई दुडुदुडु आली, आईच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि आनंदाने किंचाळली, "बॉल!" मग पुढचे कितीतरी दिवस त्या बॉलवर थापा मारल्याशिवाय तिला झोप लागेना.

बाहेर जाताना ओढणी बांधायची तर ती सारखी घसरायची. नसीमकाकू वरून उतरल्या आणि त्यांनी वर्गच घेतला. "इथून घे, कानामागून. पिन इथे. घट्ट नको, डोकं आहे ते, पार्सल नव्हे. मी चाळीस वर्षं डोक्यावर पदर सांभाळतेय, सायकलवरून शाळेत जातानासुद्धा घसरला नाही." द्वारकाबाईही शेजारी बसून शिकल्या, स्वतःच्या डोक्यावर बांधून पाहिली आणि आरशात बघून म्हणाल्या, "चांगली दिसून राहिली की मी!" काकू म्हणाल्या, "हो, अगदी हिमालयात निघाल्यासारख्या." त्यावर रुपाली हसली. पोट धरून हसली, ऑपरेशनची जागा ओढली जाईपर्यंत. त्या हसण्यात बराच काळ अडकून पडलेलं काहीतरी सुटलं, असं तिला नंतर वाटलं.

रेडिएशन संपलं तेव्हा डोक्यावर बोटाच्या पेराएवढे केस आले होते, पूर्वी सरळ होते ते आता कुरळे. डॉक्टर शेफालींनी सगळे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, "आत्ता काही दिसत नाहीये. ठरलेल्या वेळेला तपासणीला यायचं, एकही चुकवायची नाही. आणि आता घरी जा."

घरी दार उघडलं तर मुक्ताई समोर उभी. दोन वर्षं पुरी झाली होती आणि जीभ सुटली होती. कमरेवर हात ठेवून, थेट आजीच्या ठेक्यात तिने विचारलं, "आई, कुठी गेली होती वं?"

रुपाली तिथेच चपलांच्या ढिगात बसली आणि लेकीला पोटाशी धरलं. हे हिला आठवेल का? आज नसेल आठवणार. पण उद्या आहे, परवा आहे, अजून पुष्कळ आहेत. त्यातलं काहीतरी राहीलच.

एवढं सगळं झाल्यावर एके दिवशी रुपालीच्या लक्षात आलं, की गेल्या काही महिन्यांत या घरात सगळे तिच्याकडे बघत होते आणि आईंकडे कुणीच पाहिलं नव्हतं. त्यांनी जन्मात कधी स्वतःला तपासून घेतलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "मले काय झालं? मी धट्टीकट्टी आहो."

"काही झालं नाही हेच ऐकायला जायचंय."

"त्यासाठी कायले जायचं? मीच सांगतो."

"आई, मला रोज भांडायला सांगितलं होतंत. हे बघा, भांडतेय."

द्वारकाबाई कुरकुरत गेल्या. छाती दाबून एक्स-रे काढणाऱ्या मॅमोग्राफीच्या मशीनला त्यांनी "हे तं पोळपाट-लाटणं झालं" म्हणून नाव ठेवलं. पण सगळं ठीक असल्याचं कळल्यावर मात्र त्या परीक्षेत पहिल्या आल्यासारख्या घरी परतल्या, फोन घेऊन बाल्कनीत बसल्या आणि अर्ध्या दर्यापूर तालुक्याला फोन लावले. बहीण, वहिनी, मावसबहीण, शाळेतली मैत्रीण. "कधी दाखवलं होतं तू? नाही? काहून नाही? माही सून वेळेवर गेली म्हणून आज माह्या समोर भांडे आपटून राहिली, समजलं का?" आतून भांडी आपटत रुपाली ऐकत होती, आणि तिला ते ऐकायला फार गोड वाटत होतं.

तिला वाटलं, तर्री पुण्यापर्यंत आली, मग हे फोन वऱ्हाडापुरतेच का राहावेत?

म्हणून आता तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, शेजारी, ऑफिसात अशी एक बाई असणारच, जी सगळ्यांच्या तापाचं माप ठेवते आणि स्वतःचं विचारलं की विषय बदलते. आई असेल, बहीण असेल, वहिनी असेल, कदाचित तुमची बायको असेल. तुम्हाला तिचं नाव आत्ता आठवलंय, हे रुपालीला माहीत आहे. तिला विचारा. ती म्हणेल, मला काय धाड भरलीय. म्हणू दे. म्हणेल, सण होऊ दे, पाहुणे जाऊ देत. तेही ऐकून घ्या आणि डॉक्टरांची वेळ तुम्हीच घ्या, सोबत तुम्हीच जा. बाहेरच्या बाकावर बसून रहा. बहुतेक वेळा काही निघत नाही. मग येताना दोघं मिळून कुठेतरी चांगलं काहीतरी खा. आणि निघालंच, तर लहान असताना निघू दे.

करताय ना फोन?